नव्या घरात इंटरनेट घेताना: आधी बटण, मग वेग



गेल्या काही वर्षांत आपल्यातले बरेच जण जुन्या शिकूनमधून नव्या इमारतींत राहायला गेले. कोणाची बिल्डिंग पिनुई-बिनुईत गेली, कोणाला गुडघ्यांमुळे लिफ्ट हवी होती, कोणी मुलांच्या जवळ आले. मीही लोदमधलं तिसऱ्या मजल्यावरचं घर सोडून लिफ्टच्या इमारतीत आले. नव्या घरात सामान लागायच्या आतच इंटरनेट विकणाऱ्यांचे फोन सुरू होतात. पोरगा गोड बोलतो, "गेव्हेरेत, हजार मेगा, फक्त इतके शेकेल!" आणि आपण विचारात पडतो की हे हजार मेगा घेऊन मी करू काय?

मी इंजिनीअर नाही. मुंबईत नर्सिंगचा डिप्लोमा केला आणि सगळा जन्म वॉर्डात गेला. वॉर्डात शिफ्ट घेताना आम्ही आधी बघायचो की ऑक्सिजन आणि सक्शन चालू आहे का. बाकी सगळं नंतर. घरातल्या इंटरनेटचंही तसंच आहे. वेग आणि भाव नंतर बघू. पहिला प्रश्न हा की लाइट गेली तर माझ्या घरात काय चालू राहील?

लाइट गेल्यावर काय होतं

जुना टेलिफोन तांब्याच्या तारेवर चालायचा. त्या तारेला वीज एक्स्चेंजमधून यायची. म्हणून घरात अंधार झाला तरी वायरचा साधा फोन वाजायचा. आता नव्या इमारतींत येतो तो सीव, म्हणजे काचेच्या बारीक धाग्याची लाइन. सीवातून प्रकाश जातो, वीज जात नाही. घरातली सीवाची डबी आणि राऊटर दोन्ही आपल्या भिंतीतल्या प्लगवर चालतात. लाइट गेली की दोन्ही बंद, आणि राऊटरला जोडलेला घरचा फोनही बंद.

आपल्यातल्या अनेकांकडे लख्त्सन मेत्सुका असतं, गळ्यातलं किंवा मनगटावरचं संकटाचं बटण. बितुआख लेउमीच्या सिऊद मदतीतूनही ते घेता येतं. हे बटण घरातल्या एका यंत्राशी बोलतं आणि यंत्र पुढे मदत केंद्राला फोन करतं. काही यंत्रं घरच्या टेलिफोन लाइनवरून फोन करतात, काहींत मोबाइलसारखं सिम असतं. तुमचं यंत्र टेलिफोन लाइनवरचं असेल आणि तुम्ही ती लाइन सीवावर नेली, तर लाइट गेलेल्या रात्री बाथरूममध्ये पडल्यावर बटण दाबूनही कोणाला कळणार नाही. यंत्राला स्वतःची बॅटरी असते हे खरं, पण पुढची लाइनच मेली तर ती बॅटरी काय करणार?

म्हणून इंटरनेट कंपनीला फोन करण्याआधी बटणाच्या कंपनीला फोन करा. तीन गोष्टी विचारा. माझं यंत्र लाइनवर आहे की सिमवर? सिमचं यंत्र बदलून मिळेल का? आणि ते चौथ्या पिढीच्या नेटवर्कवर चालतं का? जुनी मोबाइल नेटवर्कं बंद करण्याचं देशात ठरलं, म्हणून हा तिसरा प्रश्न. नव्या घरात यंत्र बसलं की लगेच बटण दाबून बघा आणि पलीकडच्या माणसाला सांगा की ही चाचणी आहे. नवा पत्ता, मजला आणि दाराचा कोड त्यांच्याकडे लिहून घ्यायला लावा. जुन्या पत्त्यावर अँब्युलन्स गेली तर उपयोग नाही.

शिवाय सीवाची डबी आणि राऊटर यांच्यासाठी एक छोटा अल-पेसेक मिळतो. भारतात आपण ज्याला यूपीएस म्हणतो तोच. वीज गेल्यावर तो काही वेळ तरी दोन्ही यंत्रं चालू ठेवतो. किती वेळ, ते बॅटरीच्या आकारावर आहे. घेताना दुकानात दोन्ही यंत्रांचे अॅडॉप्टर दाखवा आणि मग विचारा.

ममाद आणि लोखंडी कपाट

१९९१ च्या आखाती युद्धानंतर नव्या घरांत ममाद बांधणं सक्तीचं झालं. जाड काँक्रीट, आत लोखंडी सळ्या, पोलादी दार. क्षेपणास्त्रासाठी बांधलेली भिंत वायफायलाही अडवते, मोबाइलची रेंजही तिथे कमी होते. आणि सायरन वाजल्यावर मुलं नेमका तिथेच फोन करतात, "आई, आत गेलीस ना?"

दुसरी गंमत अशी की नव्या घरात तंत्रज्ञ राऊटर बऱ्याचदा अरोन तिक्शोरेतमध्ये, म्हणजे तारांच्या भिंतीतल्या कपाटात ठेवून जातो. दिसायला छान. पण ते कपाट लोखंडी असेल तर वायफाय आतच कोंडतं. त्याला सांगा, राऊटर बाहेर दिवाणखान्यात ठेव. नव्या इमारतींत बहुतेक खोल्यांत भिंतीतून नेटवर्कची तार आलेली असते. ममादमध्ये तसा पॉइंट आहे का बघा. असेल तर तिथे एक लहान दुसरं वायफाय यंत्र तारेने जोडता येतं. नुसतं हवेतून रेंज वाढवणारं यंत्र त्या भिंतीपुढे कमी पडतं. तंत्रज्ञ जायच्या आधी ममादमध्ये जा, दार लावा आणि कोणाला तरी व्हिडिओ कॉल करून बघा. तोवर त्याच्या कागदावर सही करू नका.

एक तार, अनेक दुकानदार

पूर्वी इथे इंटरनेटचे दोन भाग होते. तश्तीत म्हणजे तार, ती बेझेक किंवा हॉटची. आणि सपाक म्हणजे त्या तारेवरून इंटरनेट देणारी दुसरी कंपनी. बिलं दोन, आणि काही बिघडलं की दोघं एकमेकांकडे बोट दाखवायचे. २०२२ च्या सुधारणेनंतर बेझेक आणि हॉटलाही दोन्ही भाग एकत्र विकता येऊ लागले. आता एकच कंपनी, एकच बिल, तक्रारीला एकच पत्ता असं घ्यावं. आपल्या वयाला तेच सोयीचं.

सीवाच्या तारा मात्र वेगवेगळ्या आहेत. बेझेकची स्वतःची आहे, पार्टनरची स्वतःची आहे, आणि आयबीसी नावाच्या कंपनीची तार वीज कंपनीच्या खांबांवरून आणि नळांतून येते, त्यावर सेलकॉम सेवा देते. हॉटची जुनी केबल टीव्हीवाली तार वेगळी. शिवाय एकाच्या तारेवर दुसरा दुकानदारही सेवा विकू शकतो. म्हणून गल्लीत जाहिरात लागली याचा अर्थ तुमच्या बिल्डिंगमध्ये ती तार आली असा नाही. वाद बायितच्या माणसाला विचारा की आपल्या जिन्यात कोणाकोणाचा सीव आहे. शेजाऱ्याला विचारा की संध्याकाळी, सगळे घरी असताना, कसं चालतं. कंपनीला एवढंच विचारा, "येश सीव बा-बिन्यान?" आणि पत्ता मजल्यासकट सांगा.

वेग किती हवा?

एक चांगला व्हिडिओ कॉल तीन-चार मेगात होतो. टीव्हीवर साधा स्वच्छ सिनेमा पाच मेगात, अगदी बारीक चित्राचा फोर-के सिनेमा साधारण पंचवीस मेगात. म्हणजे एक-दोन माणसांच्या घराला कंपनीचं सगळ्यात लहान सीवाचं पॅकेजही भरपूर होतं. शुक्रवारी संध्याकाळी चार नातवंडं आपापले फोन घेऊन आली तरी. कुपात-होलिमच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलणं, रिपोर्ट बघणं, ठाण्यातल्या बहिणीशी तासभर गप्पा, यातल्या कशालाही हजार मेगा लागत नाहीत. नातू ऑनलाइन खेळ खेळतो म्हणून आजीने जास्त बिल भरायचं कारण नाही.

भाव दोन वर्षांचा काढा

जाहिरातीत असतो तो पहिल्या वर्षाचा भाव. पुढच्या वर्षाचा बारीक अक्षरात. एक नमुन्याचं गणित बघा. समजा पहिली कंपनी म्हणते, पहिलं वर्ष महिना ८९ शेकेल, नंतर १३९, आणि राऊटरचं भाडं महिना १५. पहिल्या वर्षी महिना १०४, म्हणजे वर्षाचे १,२४८. दुसऱ्या वर्षी महिना १५४, म्हणजे १,८४८. दोन वर्षांचे झाले ३,०९६. दुसरी म्हणते, दोन वर्षं महिना ११५, राऊटर त्यातच, बसवायचे एकदाच १५०. दोन वर्षांचे २,९१०. जाहिरातीत महाग दिसलेली दुसरी कंपनी प्रत्यक्षात १८६ शेकेलने स्वस्त पडली.

फोनवर हे सगळं तोंडी ऐकू नका. विचारा, "काम्मा अखारे हा-मिव्त्सा?" म्हणजे सवलत संपल्यावर किती. आणि मग म्हणा, "तिश्लेखू ली बिख्ताव", लिहून पाठवा. लिखित आलं नाही तर क्रेडिट कार्डाचा नंबर द्यायचा नाही. घाई करणाऱ्याला सांगा, मुलाशी बोलून कळवते. चांगली ऑफर उद्याही असते.

कायदाही आपल्या बाजूने आहे. फोनवर बोलून केलेला करार सगळ्यांना १४ दिवसांत रद्द करता येतो. ६५ वर्षांवरच्यांना, नव्या ओलिमना आणि अपंग व्यक्तींना त्यासाठी चार महिने मिळतात. तोवर वापरलेल्या सेवेचे पैसे मात्र द्यावे लागतात. घरगुती ग्राहकाला इंटरनेट सोडताना दंड लावता येत नाही. पण हप्त्यावर यंत्र घेतलं असेल तर उरलेले हप्ते राहतात, म्हणून राऊटर भाड्याने की हप्त्याने तेही लिहून घ्या. विक्रीच्या फोनांचा कंटाळा आला असेल तर ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची नोंदवही २०२३ पासून सुरू आहे. तिथे नंबर नोंदवला की असे फोन करायला बंदी येते.

जुनं बंद करण्याचा क्रम

आधी नवं सुरू होऊ द्या, मग जुनं बंद करा. घरचा जुना नंबर ठेवायचा असेल तर नव्या कंपनीला नियूद करायला सांगा, म्हणजे नंबर तिकडे हलवायला. जुनी लाइन आधीच तोडलीत तर नंबर हातचा जाऊ शकतो. आणि मुंबईच्या नातेवाइकांकडे अजून तोच नंबर डायरीत असतो.

जुन्या सपाकने दिलेला ईमेल पत्ता वापरत असाल तर तो कंपनी सोडल्यावर बंद होऊ शकतो. कुपात-होलिम, बँक, बितुआख लेउमी इथे आधी नवा पत्ता कळवा.

बंद करताना म्हणा, "अनी रोत्सा लेवातेल". पुरुषांनी "रोत्से" म्हणावं. तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव लिहून ठेवा, रद्द झाल्याचा संदेश मागा. राऊटर परत केल्याची पावती जपा. त्यानंतर दोन महिने बँकेचा कागद बघा. माझ्या ओळखीच्या एका मावशींनी तार बदलली, पण जुन्या सपाकचा होराआत केवा चालूच राहिला. नसलेल्या इंटरनेटचे पैसे त्या कित्येक महिने भरत होत्या. सुनेने बँकेचा कागद वाचला तेव्हा कळलं.

तंत्रज्ञ यायचा दिवस शुक्रवारचा घेऊ नका. काही राहिलं तर शब्बाथभर तसंच बसावं लागेल. रविवार-सोमवार सकाळ बरी, आणि घरात दुसरं कोणी असेल तर अजून बरं.

शेवटी, एका मोठ्या अक्षरांच्या कागदावर कंपनीचा नंबर, ग्राहक क्रमांक, सवलत संपायची तारीख आणि बटणाच्या कंपनीचा नंबर लिहून फ्रिजवर लावा. कागदाला वीज लागत नाही. मोबाइल चार्ज केलेला आणि सेलवरचा ट्रान्झिस्टर ममादमध्ये ठेवा. एवढं झालं की मग सगळ्यात स्वस्त पॅकेज खुशाल घ्या. सगळ्यांना उत्तम आरोग्य लाभो.