तर्कदोषांची पारख

विधी महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेत उमेदवाराला कायदा किती ठाऊक आहे याबरोबरच चुकीचा युक्तिवाद त्याला ओळखता येतो की नाही, हेही तपासले जाते. महाराष्ट्राच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या सामाईक परीक्षेत २०२४ साली १२० प्रश्नांपैकी ३२ प्रश्न तर्कक्षमतेचे होते. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. त्यामुळे अंदाजाने खूण करण्याचा मोह बळावतो. तर्कदोषांची नावे तेवढी पाठ करून घेण्याची शिकवण्यांची रीत या मोहाला पूरकच ठरते.

वस्तुतः बीड जिल्ह्यातील विद्यार्थ्याला उदाहरणांसाठी दूर जावे लागत नाही. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या चौकशीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली; त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सहांत जवळजवळ एक. यावर 'स्त्रीची संमती होती, म्हणून शस्त्रक्रिया आवश्यक होती' असे कोणी म्हटले, तर त्यात उणे काय?

न्यायशास्त्राने अशा फसव्या कारणाला हेत्वाभास म्हटले व त्याचे पाच प्रकार सांगितले. धूर आहे म्हणून अग्नी आहे, हे अनुमान खरे. पण अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे असे नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. अशा हेतूस सव्यभिचार म्हणतात. संमतीचेही तसेच आहे. कर्करोगाची धास्ती घातलेली, एका खाड्याने मजुरी बुडून वर दंड भरावा लागणारी स्त्री गरज नसतानाही संमती देते. जी गोष्ट गरज नसतानाही आढळते, ती गरजेचा पुरावा होऊ शकत नाही.

मात्र याच कसोटीवर उलट बाजूही घासून पाहावी लागते. वरील आकड्यावरून प्रत्येक शस्त्रक्रिया मुकादमाच्या दडपणानेच झाली असे ठरवणे, हाही दोषच. बालविवाह, लवकरची बाळंतपणे, फडावरील अस्वच्छता, डॉक्टरांची घाई यांपैकी कशाचा वाटा किती, हे तो आकडा सांगत नाही. पहिला दोष दाखवताना विद्यार्थ्याला उत्साह असतो. दुसरा दाखवताना त्याचे मन कचरते. ज्याची आईच कोयत्यावर जाते, त्याचे तर अधिकच. परंतु उद्या उचलीच्या वादात तो वकील म्हणून उभा राहील, तेव्हा 'उचल घेतली, म्हणजे साऱ्या अटी मान्य' असे समोरचा पक्ष म्हणणारच आहे, आणि आपल्या बाजूचा दुबळा युक्तिवादही त्याला त्या पक्षाच्या आधी शोधून काढावा लागेल.