नाव न छापण्याच्या अटीवर

‘नाव न छापण्याच्या अटीवर एका वरिष्ठ अधिकाऱ्याने सांगितले’ असे बातमीत वाचले की शंका येतेच: या माणसावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा? अमेरिकेतल्या ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या दोन बातम्यांत याचे उत्तर सापडते.

१७ जून १९७२ रोजी वॉटरगेट इमारतीतल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीत शिरलेले पाच जण पकडले गेले. बॉब वुडवर्ड आणि कार्ल बर्नस्टीन या तरुण बातमीदारांनी या प्रकरणाचे धागेदोरे थेट राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या व्हाइट हाउसपर्यंत शोधून काढले. वुडवर्ड रात्री एका तळघरातल्या वाहनतळावर ज्याला भेटत, तो ‘डीप थ्रोट’ या टोपणनावाचा माणूस मुख्यतः इतरांकडून मिळालेल्या माहितीला दुजोरा देई आणि पुढची दिशा दाखवी. मूळ माहिती दोघे बातमीदार निक्सन यांच्या निवडणूक समितीतल्या कर्मचाऱ्यांच्या घरी खेटे घालून मिळवत. गंभीर आरोप छापायचा तर किमान दोघांचा दुजोरा हवा, असा दंडक होता.

तरीही ऑक्टोबरमध्ये घात झालाच. निक्सन यांचे निकटचे सहकारी हाल्डेमन या समितीच्या गुप्त निधीवर नियंत्रण ठेवत, अशी साक्ष समितीच्या माजी खजिनदाराने ग्रँड ज्युरीपुढे दिल्याचे ‘पोस्ट’ने छापले. त्याआधी बर्नस्टीन यांनी न्याय खात्यातल्या एका वकिलाला फोनवर सांगितले होते, ‘मी दहापर्यंत मोजतो, बातमीत खोट असेल तर त्याआधी फोन ठेवा.’ वकिलाने ठेवला नाही. त्याने खूण उलटी समजून घेतली होती! आरोपात तथ्य होते, पण तशी साक्ष झालीच नव्हती.

दुसरी बातमी सप्टेंबर १९८० ची. जॅनेट कुक यांनी हेरॉइनच्या आहारी गेलेल्या आठ वर्षांच्या ‘जिमी’ची कहाणी लिहिली. जिवाला धोका असल्याचे सांगून त्यांनी मुलाची ओळख संपादकांपासूनही लपवली आणि संपादकांनीही आग्रह धरला नाही. पोलिसांनी शहर पालथे घातले, मुलगा सापडला नाही. एप्रिल १९८१ मध्ये या बातमीला पत्रकारितेचे पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि दोनच दिवसांत ते परत करावे लागले. जिमी अस्तित्वातच नव्हता. आता किमान एका संपादकाला सूत्राची ओळख माहीत असलीच पाहिजे, असा ‘पोस्ट’चा नियम आहे.

‘डीप थ्रोट’ म्हणजे एफबीआयमधले दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी मार्क फेल्ट, हे २००५ मध्ये, त्यांच्या वयाच्या ९१ व्या वर्षी, जगापुढे आले. एफबीआयचे प्रमुख हूवर यांच्या निधनानंतर त्या पदासाठी फेल्ट यांना डावलले गेले होते. दुखावलेला माणूसही खरी माहिती देऊ शकतो, पण ती पडताळून घ्यावीच लागते. नाव गुप्त ठेवूनही वाचकाला बरेच सांगता येते: माहिती देणारा त्या घटनेच्या किती जवळ होता, त्याने कागद पाहिला की नुसते ऐकले, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणे काय.