चंद्र टिपायचा तर आदल्या सांजेला निघा

ऊस तुटून रान मोकळं झालं की पूर्वेची कड लांबवर उघडी पडते. पौर्णिमेच्या सांजेला तिथून तांबूस चंद्र वर येतो आणि बांधावरचा गडी हातातलं काम टाकून मोबाइल काढतो. फोटोत मात्र काळ्या आभाळात एक पांढरा ठिपका! मग म्हणतो, "आपला मोबाइलच हलका." पण निम्मी चूक मोबाइलची, तर निम्मी चूक दिवसाची असते.

चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. पौर्णिमेच्या सुमारास तो सूर्य मावळता मावळता वर येतो. फोटोला हवा तो हाच वेळ. चंद्रही दिसतो आणि डोंगर, झाडं, पाणी यांवर अजून उजेड असतो. हा मेळ जेमतेम दहा-पंधरा मिनिटं टिकतो. पुढं अंधार पडला की चंद्र भगभगीत दिसतो आणि खालचं सगळं काळं होतं.

म्हणून कॅलेंडरात पौर्णिमा कधी संपते ते बघावं. ती सकाळीच संपत असेल, तर त्या सांजेला चंद्र सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी येईल. तेव्हा आदल्या सांजेला जावं. समोर डोंगर असेल तर आणखी उशीर. हात लांब करून बोट आडवं धरा. डोंगराची उंची जितकी बोटं भरेल, तितकी दर बोटामागं सात-आठ मिनिटं धरा. डोंगराआडून येणाऱ्या चंद्रासाठी चतुर्दशीच बरी.

अमेरिकेतले नामवंत छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स यांनी १९४१ साली न्यू मेक्सिकोत हर्नांडेझ गावावरच्या चंद्रोदयाचा फोटो घेतला. तो जगभर गाजला. तेव्हा पौर्णिमेला दोन-तीन दिवस बाकी होते. उजेड मोजायचं यंत्र ऐनवेळी सापडेना. चंद्र किती उजळ असतो हे त्यांना पाठ होतं, त्यावरच त्यांनी अंदाज बांधला. एक फोटो झाला आणि गावातल्या क्रुसांवरचं ऊन गेलं. दुसरा घेता आला नाही.

कुठं उभं राहायचं?

हिवाळ्यात पौर्णिमेचा चंद्र ईशान्येकडं झुकून उगवतो. भिगवण, कुंभारगाव, डिकसळच्या काठावरून तो उजनीच्या पाण्यावर दिसतो, रोहित पक्षीही त्याच दिवसांत असतात. वैशाख-ज्येष्ठात तो आग्नेयेकडं सरकतो. डोंगर हवा असेल तर हे महिने धरावेत. नीरेपलीकडं शंभू महादेवाची रांग त्या अंगाला आहे. टेकडी जवळ असेल तर तिच्यापासून लांब, पश्चिमेला उभं राहावं आणि लेन्सनं जवळ ओढावं. टेकडी आवाक्यात येते आणि चंद्र मोठा दिसतो. साध्या ५० मिलिमीटरच्या लेन्सनं फिल्मवर चंद्र अर्धा मिलिमीटरच उमटतो, २०० च्या लेन्सनं दोन मिलिमीटरच्या आसपास.

मोबाइलवाल्यांनी पडद्यावर चंद्राला बोट लावून उजेड कमी करावा आणि मोबाइल दगडावर नाहीतर खांबाला टेकवावा. चंद्र स्वतः उन्हात असतो. त्याला रात्रीचा नव्हे, दिवसाचा हिशोब लागतो.

पळसदेवचं देऊळ

उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. इंदापूर तालुक्यातली भीमाकाठची गावं पाण्याखाली गेली, माणसं वर येऊन वसली. जुन्या पळसदेवचं पळसनाथाचं प्राचीन देऊळ पाणी उतरलं की उन्हाळ्यात उघडं पडतं. ज्यांची घरं तिथं होती ती पिढी आता थकली. देवळामागं उगवणारा चंद्र टिपला तर तो नुसता देखावा राहत नाही, गावाचं दप्तर होतो. फोटोमागं तारीख, तिथी आणि पाणी कुठवर होतं ते लिहावं. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत लावावी. नातवानं "आपलं गाव कुठं होतं?" विचारलं तर दाखवायला काहीतरी राहील.

पण जीव सांभाळून. २१ मे २०२४ च्या सांजेला कळाशी आणि कुगावच्या दरम्यान बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले. दोनच दिवसांवर वैशाखी पौर्णिमा होती. वैशाखात दुपार कलली की वळीव कधी उठेल सांगता येत नाही. म्हणून फोटोसाठी सांजेचं पाण्यात उतरू नये, काठावरूनच घ्यावा. वरून सुकलेला दिसणारा गाळ आत ओला असतो, पाय रुतला तर निघत नाही. जागा दिवसाउजेडी बघून ठेवावी, एकट्यानं जाऊ नये, सोबत बॅटरी असावी. सरपंच-ग्रामसेवकांनी काठावर धोक्याची पाटी लावली तर बाहेरून येणाऱ्या हौशी मंडळींनाही कळेल.

चंद्र दर महिन्याला येतोच. एखादी पौर्णिमा हुकली तर हुकली, पुढची आहेच.