नागपूरच्या महाल परिसरातील वास्तुवारसा : काही दुर्लक्षित खुणा

प्रस्तावना

नागपूरच्या वास्तुवारशाचा विषय निघताच सीताबर्डीचा किल्ला व सिव्हिल लाइन्समधील ब्रिटिशकालीन इमारती प्रामुख्याने डोळ्यांसमोर येतात. तथापि, या शहराचा ऐतिहासिक गाभा महाल परिसरात आहे. प्रस्तुत लेखात तेथील दैनंदिन वर्दळीत दुर्लक्षित राहिलेल्या काही खुणांचा परामर्श घेण्यात आला आहे.

दरवाजा आणि तलाव

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास नागपूर वसविले. त्याचा उत्तराधिकारी चांद सुलतान याने नगराला तटबंदी केली. तट लुप्त झाला. मात्र त्याचा जुम्मा दरवाजा आज 'गांधी गेट' या नावाने परिचित आहे. जवळचा जुम्मा तलाव पुढे 'शुक्रवार तलाव' व नंतर 'गांधीसागर' झाला. 'जुम्मा' म्हणजेच शुक्रवार. राजवटी बदलल्या, नावेही बदलली. परंतु दरवाजा व तलाव यांची जोडी नावांतूनही टिकून राहिली. म्हणून स्थळनाम हेदेखील वास्तूइतकेच महत्त्वाचे साधन ठरते.

दगड आणि लाकूड

अठराव्या शतकात रघूजी भोसले (प्रथम) यांनी नागपूर आपल्या सत्तेचे केंद्र केले. भोसल्यांचा काळ्या दगडाचा व विपुल लाकडी कोरीवकामाचा राजवाडा १८६४ मध्ये जळाला. केवळ त्याचे भव्य प्रवेशद्वार उरल्याची नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये आढळते. या घटनेतून एक बाब स्पष्ट होते : मराठाकालीन वास्तूचे सौंदर्य बहुतांशी लाकडात असते आणि तेच सर्वांत नाशवंत असते.

महालातील जुने वाडे पाहताना ही बाब ध्यानात ठेवावी लागते. दुकानांच्या फलकांमागे कोरीव तुळया झाकल्या जातात. चौकटीवरील गणेशपट्टी, खांबांवरील हस्त, भिंतीतील कोनाडे व देवळ्या यांकडे क्वचितच लक्ष जाते. वस्तुतः सुतार व पाथरवट यांच्या कौशल्याचा पुरावा याच तपशिलांत असतो. वारसदारांतील वाटण्या, देखभालीचा खर्च व जागेचे वाढते मोल यांमुळे वाडा पाडला जातो, तेव्हा हा पुरावा कोणत्याही नोंदीशिवाय नष्ट होतो.

निष्कर्ष

शहराची वारसा यादी प्राधान्याने स्वतंत्र वास्तूंची दखल घेते. गल्लीची रचना, स्थळनामे व लाकडी तपशील तिच्या कक्षेत सहजासहजी येत नाहीत. प्रत्येक वाडा जतन करणे शक्य नसले, तरी त्याचे मोजमाप, रेखाटन व छायाचित्रण करून ठेवणे शक्य आहे. इतिहास, वास्तुशास्त्र व मराठी या विषयांच्या विद्यार्थ्यांनी महाविद्यालयीन प्रकल्पांद्वारे हे कार्य हाती घेतल्यास महालाचा इतिहास केवळ राजघराण्यापुरता मर्यादित राहणार नाही. तो घडविणाऱ्या कारागिरांपर्यंत पोहोचेल.