संगणकीय कोशांतील तारखांचें दर्शन

हस्तलिखितांच्या याद्या कागदी वह्यांऐवजीं संगणकांतील माहितीकोशांत ठेवण्याचा प्रघात आतां रूढ झाला आहे. त्यांपैकीं ज्या याद्या ओरॅकल नामक कोशांत आहेत, त्यांतील तारखांविषयीं एक गोष्ट नीट ध्यानांत न घेतल्यास शतकांचा घोटाळा होण्याचा संभव असतो. म्हणून तिचें विवेचन येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कोशांत सांठविलेली तारीख व पडद्यावर दिसणारी तारीख या दोन भिन्न वस्तु होत. ओरॅकल प्रत्येक तारीख सात बाइटांत ठेवितो. शतक, शतकांतील वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट व सेकंद यांस प्रत्येकीं एक. हें मूळ सर्वांगपूर्ण असतें. आपणांस दिसते ती त्याची नक्कल, आणि नक्कल करणारा लेखक म्हणजे ज्या साधनानें आपण कोश उघडतों तें साधन.

नक्कल कोणत्या नमुन्यानें व्हावी हें ‘एन्‌एल्‌एस् डेट फॉरमॅट’ नांवाची योजना ठरविते. प्रदेश अमेरिका मानला असतां तिचा मूळचा नमुना दिवस, महिन्याचीं तीन अक्षरें व वर्षाचे शेवटचे दोन अंक असा आहे. सबब ६ जून १६७४ ही तारीख ‘०६-जून-७४’ अशी दिसते. येथवर केवळ गैरसोय आहे. परंतु तीच अक्षरें कोणी उतरून पुनः कोशांत भरलीं, म्हणजे शतक यंत्रास कल्पावें लागतें. आजच्या काळीं त्याचा नियम असा, कीं ०० ते ४९ हे अंक चालू शतकाचे व ५० ते ९९ हे मागील शतकाचे मानावे. अर्थात् ७४ चें १९७४ होतें, आणि १७०७ मधील पत्र २००७ चें ठरतें! सन न लिहितां केवळ चंद्र व महिना दिलेलीं पत्रें आपल्या संग्रहांत विपुल आहेत. तेथें संपादक सन पुरवितो, पण कंसांत पुरवितो. यंत्र कंस घालीत नाहीं.

साधनांचे स्वभावहि निरनिराळे आहेत. एस्‌क्यूएल प्लसमध्यें ‘ऑल्टर सेशन’ या आज्ञेनें नमुना बदलतां येतो, पण तो त्या बैठकीपुरताच टिकतो. संगणकाच्या परिसरांत तो कायमचा नेमून ठेवितां येतो. मात्र ‘एन्‌एल्‌एस् लँग’ हेंहि नेमलेलें नसल्यास त्या नेमणुकीची दखल घेतली जात नाहीं. एस्‌क्यूएल डेव्हलपर आपल्या पसंतीच्या पानावरील स्वतःचा नमुना चालवितो. म्हणून एकच नोंद दोघां अभ्यासकांस दोन रूपांत दिसली, तर मूळ बिघडलें असें समजूं नये. यादी छापावयाची किंवा दुसऱ्यास द्यावयाची असेल तेव्हां साधनावर विसंबून न राहतां, प्रश्नांतच ‘टू कॅर’ योजून चार अंकी वर्ष मागून घ्यावें. भरतांनाहि ‘टू डेट’ योजून नमुना स्पष्ट सांगावा.

नमुना कितीहि नीट नेमला तरी एक दोष त्यानें जात नाहीं. ओरॅकल ४ ऑक्टोबर १५८२ नंतर एकदम १५ ऑक्टोबर मानून पुढें नवी गणनाच चालवितो. इंग्रजांनीं मात्र जुनी गणना १७५२ पर्यंत सोडिली नाहीं. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख जुन्या गणनेची असून त्या दिवशीं शनिवार होता. यंत्रास वार विचारल्यास तें बुधवार सांगतें. कारण नव्या गणनेनें तो दिवस १६ जून होय. हा दहा दिवसांचा फरक पडद्यावरील कोणत्याच नमुन्यांत दिसून येत नाहीं, व इंग्रज वखारवाल्यांच्या तारखा पोर्तुगीज कागदांशीं ताडून पाहणारास तो हटकून फसवितो. यास्तव तारखेच्या स्तंभाशेजारीं निराळा अक्षरस्तंभ ठेवून त्यांत मूळ कागदावरील मिति, वार व शक किंवा सन जसेंच्या तसें उतरावें, आणि गणना जुनी कीं नवी हेंहि तेथेंच लिहावें.