विंचवाचे विष आणि वेळेवरचा उपचार

कोकणात लाल विंचवाच्या दंशाने एके काळी अनेक बालके दगावत. या विषाचा आघात नेमका कोठे होतो, हे संशोधनाने स्पष्ट झाले आहे. मज्जातंतूंच्या आवरणात सोडियमचे कण आत घेणारी सूक्ष्म द्वारे असतात. समुद्रातील केंड माशाचे विष ही द्वारे बंद करून श्वसनाचे स्नायू लुळे पाडते. विंचवाचे विष याउलट ती उघडीच ठेवते. परिणामी रक्तदाब भडकतो, हृदय थकते व फुप्फुसांत पाणी साचते.

महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली असे रुग्ण पाहिलेले डॉ. हिंमतराव बावस्कर पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. झाले आणि पुन्हा महाड परिसरातच परतले. त्यांची निरीक्षणे १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. रक्तदाबावरील प्राझोसिन हे स्वस्त औषध त्यांनी या रुग्णांना दिले. पूर्वी शंभर गंभीर रुग्णांमागे तीस-चाळीस दगावत. ते प्रमाण एकाच्या आसपास आले. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरा होतो, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात आढळले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

औषध आहे; प्रश्न वेळेचा आहे. दंशानंतर उलट्या, दरदरून घाम व थंड पडलेले हातपाय ही धोक्याची लक्षणे होत. मांत्रिकाकडे वेळ न दवडता रुग्णास तात्काळ आरोग्य केंद्रात नेणे, हा संदेश शाळा व ग्रामपंचायतींनी घरोघरी पोहोचविणे अगत्याचे आहे.