एफसी पुणे सिटी

एफसी पुणे सिटी हा पुणे येथील व्यावसायिक फुटबॉल संघ होता. इंडियन सुपर लीग (आयएसएल) या स्पर्धेच्या आठ संस्थापक संघांमध्ये त्याचा समावेश होता. २०१४ ते २०१९ या काळात हा संघ पाच हंगाम खेळला व त्यांपैकी केवळ एकदा, २०१७–१८ मध्ये, उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. ऑगस्ट २०१९ मध्ये संघ बंद झाला आणि लीगमधील त्याची जागा हैदराबाद एफसी या नव्या संघाला मिळाली.

स्थापना आणि मालकी

आयएसएलची रचना युरोपीय लीगपेक्षा वेगळी होती. खालच्या श्रेणीतून चढत येऊन संघ या स्पर्धेत दाखल होत नसत. शहरनिहाय हक्क लिलावाने दिले जात व मालकाला दरवर्षी आयोजकांकडे मोठे शुल्क भरावे लागे. गुणतक्त्यात तळाला राहिल्याने कोणताही संघ स्पर्धेबाहेर जात नसे. शुल्क व खर्च पेलणारा मालक उरला नाही, तर मात्र संघाचे अस्तित्वच धोक्यात येई. पुणे सिटीचा पुढील इतिहास समजण्यासाठी ही बाब लक्षात घेणे आवश्यक आहे.

एप्रिल २०१४ मध्ये पुण्याचे हक्क वाधवान समूह व अभिनेता सलमान खान यांच्याकडे गेले. प्रत्यक्ष स्पर्धा सुरू होईपर्यंत सहमालक म्हणून अभिनेता हृतिक रोशन यांचे नाव पुढे आले, तर २०१७ मध्ये त्यांच्या जागी अर्जुन कपूर आले. सुरुवातीला इटलीतील फिओरेंटिना या क्लबशी संघाचे सहकार्य होते.

मैदान

संघाचे घरचे सामने बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात होत. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या या संकुलात २००८ च्या राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धाही झाल्या होत्या. मैदानाची आसनक्षमता लीगमधील सर्वांत कमी क्षमतांपैकी होती. कोलकाता किंवा कोची येथील प्रचंड गर्दीशी त्यामुळे पुण्याची तुलना होऊ शकत नसे. तरीही ‘ऑरेंज आर्मी’ या नावाने ओळखला जाणारा चाहत्यांचा गट संघाबरोबर अखेरपर्यंत राहिला.

पहिले तीन हंगाम (२०१४–२०१६)

१४ ऑक्टोबर २०१४ रोजी दिल्ली डायनामोजविरुद्धचा पहिला सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. चारच दिवसांनी नवी मुंबईत मुंबई सिटीने पुण्याचा ५–० असा पराभव केला. या सामन्यात आंद्रे मोरित्झ याने केलेली हॅटट्रिक आयएसएलच्या इतिहासातील पहिली ठरली. महाराष्ट्रातील दोन संघांमधील स्पर्धेची सुरुवात अशी एकतर्फी झाली. पुण्याने पहिला विजय एफसी गोवाविरुद्ध मिळवला.

त्या काळी प्रत्येक संघाने एक नामांकित परदेशी खेळाडू ‘मार्की’ म्हणून घ्यावा, अशी प्रथा होती. पुण्याने १९९८ च्या विश्वविजेत्या फ्रान्स संघातील डेव्हिड त्रेझेगे याला घेतले. त्याच्या जोडीला २००४ च्या युरो विजेत्या ग्रीसचा कोस्तास कात्सुरानिस होता. दोघेही कारकिर्दीच्या अखेरच्या टप्प्यावर होते. पुढे रुमानियाचा आद्रियान मुतू आला. २०१६ मध्ये करारबद्ध झालेला आइसलँडचा एइदुर गुडयॉनसेन दुखापतीमुळे एकही सामना खेळू शकला नाही व त्याच्या जागी मोहमद सिसोकोला घेण्यात आले. प्रशिक्षकही दरवर्षी बदलले: फ्रांको कोलोम्बा, डेव्हिड प्लॅट, आंतोनियो लोपेस हाबास. या तीन वर्षांत संघ अनुक्रमे सहावा, सातवा व सहावा आला. मोठ्या नावांवर झालेल्या खर्चाच्या मानाने हे फळ अल्पच होते.

२०१७–१८ चा हंगाम

या हंगामात लीगमध्ये दहा संघ झाले व स्पर्धेचा कालावधीही वाढला. सर्बियाचे रांको पोपोविच प्रशिक्षक झाले. मागील हंगामात सर्वाधिक गोल करणारा मार्सेलिन्यो दिल्लीहून, तर उरुग्वेचा एमिलियानो आल्फारो नॉर्थईस्ट युनायटेडकडून आला. आल्फारोने ९ व मार्सेलिन्योने ८ गोल केले. गोलरक्षक विशाल कैथ आणि केरळचा तरुण आशिक कुरुनियन हे भारतीय खेळाडू याच काळात पुढे आले. डिसेंबरमध्ये नॉर्थईस्ट युनायटेडवर मिळवलेल्या ५–० विजयात मार्सेलिन्योची हॅटट्रिक होती. १८ सामन्यांत ३० गुण मिळवून पुण्याने चौथे स्थान पटकावले.

उपांत्य फेरीत बंगळूर एफसीशी गाठ पडली. ७ मार्च २०१८ रोजी पुण्यातील पहिला सामना ०–० असा सुटला. चार दिवसांनी बंगळुरात सुनील छेत्रीच्या हॅटट्रिकमुळे पुणे ३–१ असे हरले. जोनातान लुकाने फ्री किकवर केलेला गोल अपुरा पडला. संघाच्या इतिहासातील हा सर्वोच्च टप्पा होय.

युवा व महिला फुटबॉल

पुणे एफसी या जुन्या क्लबची युवा अकादमी २०१६ मध्ये पुणे सिटीने आपल्याकडे घेतली. याच अकादमीच्या परंपरेतून आलेल्या आशिकला स्पेनमधील व्हियारेआल क्लबच्या ‘सी’ संघात सराव व खेळाची संधी मिळाली होती. २०१६–१७ मध्ये झालेल्या पहिल्या इंडियन विमेन्स लीगमध्ये उतरलेला आयएसएलमधील हा एकमेव क्लब होता. मार्की खेळाडूंच्या तुलनेत या कामाची चर्चा फार कमी झाली.

अखेरचा हंगाम व विसर्जन

२०१८–१९ ची सुरुवात वाईट झाली. प्रशिक्षक मिगेल आंगेल पोर्तुगाल यांना अवघ्या तीन सामन्यांनंतर दूर करण्यात आले. प्रद्युम रेड्डी यांनी हंगामी जबाबदारी सांभाळली व नंतर इंग्लंडचे फिल ब्राउन आले. संघ सावरला आणि २२ गुणांसह सातवा आला.

मैदानाबाहेरचे संकट अधिक गंभीर होते. वाधवान कुटुंबाशी संबंधित दिवाण हाउसिंग फायनान्स (डीएचएफएल) ही कंपनी २०१८ च्या उत्तरार्धापासून रोखटंचाईत सापडली व जून २०१९ मध्ये तिला व्याजाची देणी वेळेवर फेडता आली नाहीत. त्याच उन्हाळ्यात संघाचे कामकाज थांबले. ऑगस्टमध्ये हैदराबाद एफसीची घोषणा झाली. ब्राउन प्रशिक्षक म्हणून तिकडे गेले आणि मार्सेलिन्यो, आदिल खान, निखिल पुजारी यांच्यासह अनेक खेळाडूही गेले. आशिक बंगळूरला गेला. चाहत्यांना या निर्णयात कोणतेही स्थान नव्हते, कारण हक्क मालकाचे होते, शहराचे नव्हते. याच वर्षी दिल्ली डायनामोज संघही भुवनेश्वरला हलवून ओडिशा एफसी या नावाने खेळू लागला.

पुण्यातील इतर क्लब

२००७ मध्ये स्थापन झालेला पुणे एफसी २०१२–१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता होता, पण २०१५ नंतर त्याचा व्यावसायिक संघ राहिला नाही. कल्याणी समूहाचा भारत एफसी २०१४–१५ हा एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्सने आय-लीगमध्ये दोन हंगाम काढले. पुणे सिटी बंद झाल्यावर या पिढीतील एकही क्लब देशाच्या अव्वल श्रेणीत उरला नाही.

हस्तांतरित जागेचे पुढे

हैदराबाद एफसीने मार्च २०२२ मध्ये फातोर्डा येथे केरला ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून आयएसएल जिंकली. निखिल पुजारी त्या संघात होता. पुढे हाही क्लब आर्थिक अडचणीत आला. २०२४ मध्ये त्याची मालकी बदलली आणि २०२५ मध्ये तो दिल्लीला हलवून त्याचे नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली असे ठेवण्यात आले.